पत्र्याच्या खोलीसाठी मदरबोर्ड

"चिप कुठली?"

"स्वस्तातली."

"आणि वेग?"

"महागातला."

"बस मग. आणि तोंड मिटून बस, इथं वरून धूळ पडते."

गिऱ्हाईक नवं असो की जुनं, ताओ आत्याच्या दुकानात बोलणं असंच सुरू व्हायचं. दुकान तरी कसलं! तैपेच्या गुआंगहुआ बाजारात, पुलाच्या अगदी पोटाखाली एक फळी, फळीमागे छतापर्यंत रचलेली मदरबोर्डची खोकी, आणि खोकी व फळी यांच्यामध्ये उरलेल्या जागेत आत्या. वरून बस गेली की सगळी खोकी एकदम शहारायची. गिऱ्हाईक दचकायचं. आत्या मान वर न करता सांगायची, "दोनशे सहा नंबरची आहे. नेहमीच उशिरा येते."

त्या काळी आमच्याकडच्या पोरापोरींचा एकच नाद होता. चिप कारखान्यातून ज्या वेगाची म्हणून येते, त्याहून जोरात तिला पळवायची. खिसा रिकामा आणि हौस मोठी, अशांचा तो खेळ. सगळे चिपबद्दल बोलायचे. आत्या बोर्डबद्दल बोलायची.

"चिप म्हणजे पाय गं," ती मला म्हणायची. "पाय काय, जोरात टाकले की पडतात जोरात. खालची जमीन घट्ट पाहिजे. जमीन हलली की पाय कितीही चांगले असू देत, तोंडावरच आपटणार."

बोर्ड निवडताना बघावं तिला. खोकं उघडायची, बोर्ड दोन्ही हातांनी कडेला धरून दिव्यासमोर तिरका करायची आणि एक डोळा मिटायची. चिपच्या शेजारी कपॅसिटरच्या छोट्या उभ्या डब्यांची रांग असते, वीज साठवून चिपला हिशोबानं पाजणारी. त्या रांगेवरून तिची नजर अशी फिरायची, जशी नव्या सुनेच्या स्वयंपाकघरावरून सासूची. "ही डबी वाकडी. ही फुगणार. या दोघी एकमेकींना चिकटून बसल्यात, उन्हाळ्यात भांडतील." आवडला तर तो बोर्ड पुठ्ठ्याच्या खोक्यावर उघडाच पसरायची, चिप बसवायची, वेग वाढवायची आणि शटर उघडल्यापासून शटर पडेपर्यंत पळवत ठेवायची. संध्याकाळपर्यंत जो पडला नाही, त्यावर ती लाल पेननं एक टिंब काढायची. पडणं म्हणजे चित्र गोठणं, माऊस मरणं, आणि केलेलं सगळं काम पाण्यात जाणं.

"लाल टिंब म्हणजे ताओचा शब्द," ती म्हणायची. नम्रपणा हा पदार्थ तिनं आयुष्यात कधी चाखला नव्हता.

शेजारच्या फळीवर फांग बसायचा. गालात सुपारी, अंगात बाहीवर डाग पडलेला शर्ट. तो एकाच छोट्या कारखान्याचा एकच बोर्ड विकायचा, मातकट तपकिरी रंगाचा. आत्याकडच्या तांबड्या, निळ्या बोर्डांपुढे तो अगदीच गरीब दिसायचा. आत्यानं त्याचं नाव ठेवलं होतं गाढव.

"काय फांगशेठ, आज किती गाढवं विकली?"

"दोन, बाईसाहेब. तुमच्याकडं किती मोर नाचले?"

हे रोजचं. पण त्यांच्यातलं खरं भांडण नक्की कशावरून सुरू झालं होतं, हे दोघांनाही आठवत नसावं. आठवत असतं तर मिटलं असतं.

मी नाटकशाळेत शेवटच्या वर्षाला असताना हुइ-फेनला आत्याकडे घेऊन गेले. हुइ-फेन माझी शाळेपासूनची मैत्रीण, चित्रपट शिकत होती. तिला पदवीसाठी एक छोटी ॲनिमेशन फिल्म करायची होती. गोष्ट साधी होती. शर्यतीतलं एक कबूतर वादळात चुकतं आणि शेवटी घरी परततं. तिचे वडील कबुतरं पाळायचे, शर्यतींना सोडायचे. ते आता नव्हते. कबुतरंही विकून टाकली होती. फिल्मच्या शेवटी सगळा थवा छपरांवरून वळण घेत उतरतो, असं तिनं काढलं होतं, आणि तो थवा म्हणजे तिच्या कॉम्प्युटरचा जीव काढणारं काम. हजारो पंख, प्रत्येक पंखावर उजेड. साध्या वेगानं चालवलं तर पदवीच्या प्रदर्शनाची तारीख उलटून गेली असती.

"मावशी, मशीन पळायलाही हवं आणि पडायलाही नको," हुइ-फेन म्हणाली.

"अगं, नवरा असा मिळाला असता तर मी बोर्ड विकले असते का?" आत्या म्हणाली आणि तिनं शिडी लावली. वरच्या रांगेतला तांबडा बोर्ड काढला. एक डोळा मिटला. दुसऱ्या दिवशी लाल टिंब लावून हातात दिला.

चार दिवसांनी हुइ-फेन परत आली. डोळे सुजलेले.

"मावशी, पडतंय. दुपारचं पडतंय."

"शक्य नाही."

"रोज दुपारी."

"तूच काहीतरी केलं असशील. कपात चहा ठेवला असशील जवळ. त्यातल्या साबुदाण्यासारख्या टपिओकाच्या गोळ्या कुठंही घरंगळतात."

"मी चहा पीत नाही."

"तैपेत राहतेस आणि चहा पीत नाहीस? मग मशीन पडणार नाही तर काय होणार?"

आत्यानं बोर्ड ठेवून घेतला आणि दिवसभर पळवला. तो हललासुद्धा नाही. संध्याकाळी तिनं तो सगळ्या गल्लीला दिसेल असा वर धरला. "बघा! उभा आहे!"

हुइ-फेन घरी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा पडला.

फांगनं सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "काय आहे बाईसाहेब, काही पोरं पाहुण्यांसमोर फार छान गातात. घरी गेली की तोंड उघडत नाहीत."

आत्यानं पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर टाकला, शटर अर्धं ओढलं आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "लक्ष ठेवा. काही विकू नका."

"आणि कुणी मागितलंच तर?"

"सांगा, बाई मेली."

आमची बस नदीवरच्या पुलावरून सानचुंगला गेली. हुइ-फेन आणि तिची आई पाच मजली इमारतीच्या वर, गच्चीवर बांधलेल्या पत्र्याच्या खोलीत राहायच्या. लिफ्ट नव्हती. आत्या प्रत्येक मजल्यावर थांबून इमारतीच्या मालकाच्या पूर्वजांचा उद्धार करत वर आली. गच्चीवर पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी आणि शेजारच्या छपरावर कुणाचा तरी कबुतरखाना. मे महिन्यातली, पावसाआधीची दुपार होती. आत्यानं खोलीच्या भिंतीवर तळहात टेकवला आणि झटक्यात मागे घेतला.

"आई गं! इथं माणसं राहतात?"

"आम्ही राहतो," हुइ-फेनची आई आतून म्हणाली. ती जमिनीवर बसून पानात चिकट भात बांधत होती, सणाच्या ऑर्डरी होत्या. "या, बसा. सरबत देते."

मशीन कोपऱ्यात होतं, पेटीत बंद. पेटीवर कुणीतरी हिरव्या पुडीतला मक्याचा खाऊ ठेवला होता, मशीननं शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे ठेवतात तसा. आत्यानं आधी पुडी उलटून तारीख बघितली. "शिळी आहे. कसं ऐकेल ते?" मग पेटीला हात लावला. मग पेटी उघडली, आणि कपॅसिटरच्या त्या रांगेवर, जी तिनं दिव्यासमोर एक डोळा मिटून पारखली होती, अगदी अलगद बोट टेकवलं.

"अगं, हा तर तवा आहे."

"पेटी उघडी ठेवली तर?" मी विचारलं.

"ठेवून बघितली," हुइ-फेन म्हणाली. "शेजारच्या कबुतरांची पिसं आत जातात. पंखा लावला तर गरमच हवा येते, आणि पंखा नि मशीन एकत्र चालवलं की फ्यूज उडतो. खाली कुणाकडे ठेवायची सोय नाही. तुमच्या बाजारात शटर पडलं की वीज बंद. याला तर रात्रंदिवस चालायचंय."

आत्या बराच वेळ त्या उघड्या पेटीसमोर उकिडवी बसून राहिली. घाम हनुवटीवरून टपकत होता.

"रू," ती शेवटी मला म्हणाली, "मी बोर्ड कुठं पारखते?"

"दुकानात."

"दुकान कुठंय?"

"पुलाखाली."

"सावलीत. उघड्यावर. आणि माझा टेबलफॅन कुठं असतो?"

तो हिरवा टेबलफॅन, जो ती कधी कुणाला स्वतःकडे वळवू द्यायची नाही, तो तिच्या तोंडावरून सरळ त्या पुठ्ठ्यावरच्या बोर्डावर वारा सोडायचा. आणि त्यात काही वावगं आहे असं आजवर आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नव्हतं.

"इतकी वर्षं मी बोर्डाला वारा घालून विचारतेय, बाळा, बरं वाटतंय ना?" आत्या म्हणाली. "तो बिचारा हो म्हणणारच. लोक काय पंख्यात राहतात?"

पुढचे दोन दिवस तिनं दुकानातले आणखी दोन आवडते बोर्ड आणून तिथंच, पत्र्याखाली, पेटी बंद करून पळवले. निळा भर दुपारी पडला. दुसरा तांबडा तर त्याहून लवकर. प्रत्येक वेळी काम जिथं अडलं तिथून मागे जाऊन पुन्हा सुरू करावं लागायचं, आणि प्रदर्शनाची तारीख जवळ येत होती.

"मी थवा काढून टाकते," हुइ-फेन म्हणाली. ती अगदी शांतपणे म्हणाली, म्हणून जास्त वाईट वाटलं. "शेवटी नुसतं एक कबूतर उतरताना दाखवते. तेवढं साध्या वेगातही होईल."

"म्हणजे ते घरी येणार, आणि घरी कुणी नाही?"

"हो, मावशी."

हुइ-फेनच्या आईनं हातातलं पान खाली ठेवलं. दाराबाहेर शेजारची कबुतरं गोल फिरत होती, तिकडे ती बघत राहिली.

आत्या उठली. "चप्पल घाल, रू."

बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. पुलाखाली पोचलो तेव्हा फांग तिच्याच फळीमागे उभा राहून कुणाला तरी तिचाच बोर्ड विकत होता. आत्या सरळ त्याच्या फळीसमोर, गिऱ्हाईक उभं राहतं त्या जागी, जाऊन उभी राहिली.

फांग सावकाश आपल्या जागी आला. "बोला."

"बोर्ड पाहिजे."

"कुठला?"

"एकच तर विकता."

"नाव घेऊन मागा."

"गाढव."

"खोक्यावर छापलंय ते नाव, बाईसाहेब."

आत्यानं खोक्यावरचं नाव वाचलं. एखादं औषध गिळावं तसं. गल्लीतले लोक हातातली कामं सोडून बघायला लागले होते. फांगला तेवढ्यानं भागलं असतं, पण आत्याच थांबली नाही. तिनं खोकं उघडलं, बोर्ड दिव्यासमोर तिरका केला आणि डोळा मिटला.

"ही रांग चिपपासून लांब बसवलीय."

"हो."

"आणि विजेच्या भागावर हा पत्रा कशाला?"

"गरमी खेचून घ्यायला. आमचा कारखानदार दक्षिणेतला आहे, तैनानचा. त्याच्या कारखान्याला एसी नाही. तो स्वतः जिथं बसतो तिथला विचार करून त्यानं बनवलाय."

"वेग फार जात नाही याचा."

"नाही जात. मी कधी म्हटलं, जातो म्हणून?"

"नाही म्हटलंत," आत्या म्हणाली. मग ती वळली आणि बाजाराला ऐकू जाईल अशा, तिच्या नेहमीच्या विक्रीच्या आवाजात ओरडली, "फांगचा बोर्ड चांगला आहे! ज्यांनी माझ्याकडून ऐकलं वाईट आहे, त्यांनी आता हे ऐका!"

फांगच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "एवढं नको होतं," तो पुटपुटला. "मी पण येतो. बसवताना तो पत्रा नीट टेकवावा लागतो, ते तुम्हाला जमणार नाही."

"मी बोर्ड बसवायला लागले तेव्हा तुम्ही रेडिओ विकत होता."

"म्हणूनच येतो."

गच्चीवर दोघं घामानं थबथबत, एकमेकांच्या हातावर चापट्या मारत, तो तपकिरी बोर्ड बसवत होते. "इथं नाही, इथं!" "अहो दिसतंय मला!" हुइ-फेननं वेग वाढवला. सकाळ गेली, ऊन चढलं. मशीन पळत होतं. ऊन टाकीवर आलं आणि चित्र गोठलं.

हुइ-फेन खाली बसली. फांगचा चेहरा बघवत नव्हता. त्याला वाटलं, आता आत्या बोलणार.

आत्या म्हणाली, "वेग एक पायरी खाली घे."

"मग वेळेत होणार नाही, मावशी."

"हिशोब करून बघ."

हुइ-फेननं हिशोब केला. ओठ चावला. "जेमतेम होईल. मधे एकदाही पडलं नाही तर."

"जेमतेम होईल म्हणजे होईल. सगळ्यात वरच्या पायरीवर उभं राहायला बोर्ड लागत नाही, नशीब लागतं. एक पायरी खाली ये. तिथं बोर्ड लागतो."

त्यानंतर आत्या रोज दुपारी सानचुंगला यायची. फ्यूजच्या भीतीनं खोलीतले दिवे बंद असायचे. आत्या पायाखाली पाण्याची बादली घेऊन बसायची आणि एक हात पेटीवर ठेवायची, तापात पडलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. हुइ-फेनच्या आईकडून तिनं चिकट भात बांधायला शिकून घेतलं. तिच्या गाठी सैल व्हायच्या, आणि ती दोष पानांना द्यायची. मी तिथंच जमिनीवर माझ्या नाटकाचे संवाद पाठ करायची आणि दोघी मधेच मला थांबवून विचारायच्या, "ही बाई एवढी का रडतेय? नवरा सोडून का जात नाही?" इकडे पुलाखाली फांग तिचं दुकान सांभाळत होता आणि तिच्यापेक्षा जास्त विकत होता. हे तिला कळलं तेव्हा तिनं बादलीत पाय आपटले.

एकदा ऐन दुपारी पेटीतून चिरका आवाज आला. आत्यानं कान लावला. "आतला पंखा आहे. तेल मागतोय. बोर्ड शाबूत आहे." तिनं हुइ-फेनच्या आईच्या शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब काडीच्या टोकावरून आत सोडला. आवाज बसला. हुइ-फेनची आई म्हणाली, "माझ्या नवऱ्यानं कबुतराच्या पिंजऱ्याच्या बिजागरीला हेच तेल लावलं होतं."

मशीन पडलं नाही. शेवटचं चित्र झालं तेव्हा बाहेर पाऊस यायला लागला होता, पत्र्यावर इतका आवाज की हुइ-फेन काय म्हणाली ते कुणाला ऐकू आलं नाही. ती हसत होती एवढं दिसलं.

आता बाजारावरचा तो पूल पाडलाय. बाजार चकचकीत इमारतीत गेलाय, तिथं सरकते जिने आहेत आणि थंडगार हवा. त्या इमारतीत आत्या जेमतेम वर्षभर बसली. म्हणाली, "इथं सगळेच बोर्ड चांगले वाटतात. माझा उपयोग नाही." पण त्या उन्हाळ्यानंतर जोवर पूल होता, तोवर तिचा पहिला प्रश्न बदलला होता. चिप कुठली, हे ती नंतर विचारायची. आधी विचारायची, "राहतेस कुठं? कितवा मजला? ऊन कुठल्या बाजूनं येतं?" पोरं गोंधळायची, कॉम्प्युटर घ्यायला आलोय की खोली भाड्यानं घ्यायला. वरच्या मजल्यावरची असली की ती अंगठ्यानं शेजारच्या फळीकडे दाखवायची आणि जाता जाता बजावायची, "एक पायरी खाली ठेव हं."

पण मला सांगायचंय ते प्रदर्शनाच्या दिवसाचं. चित्रपटशाळेच्या छोट्या सभागृहात हुइ-फेनची फिल्म अगदी शेवटी होती. आम्ही सगळे एका रांगेत. फांगनं नवा शर्ट घातला होता, घडीच्या रेघा तशाच. आत्यानं केस कुरळे करून घेतले होते. अंधार झाला, सभागृहात थंड हवा सुटली, आणि रोजच्या दुपारींनी दमलेली माझी आत्या पहिल्या फिल्मलाच फांगच्या नव्या शर्टाच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली.

कबूतर वादळात सापडलं. आत्या झोपलेलीच. कबूतर एका परक्या गच्चीवर उतरलं, पुन्हा उडालं. मी तिला उठवायला हात पुढं केला तर हुइ-फेननं माझं मनगट धरलं. "झोपू दे गं."

मग छपरांवरून थवा आला. सगळा. पंखापंखावर उजेड घेऊन वळला, आणि हुइ-फेनच्या आईनं रुमाल तोंडात धरला.

परतीच्या बसमध्ये आत्याला जाग आली ती नदीवरच्या पुलावर.

"झालं? मी बघितलं नाही! कुणी उठवलं का नाही मला? रू! मेलीस का तू?"

"ओरडू नका, मी बघितलंय," फांग म्हणाला. "सांगतो."

"नीट सांगा. वाढवून सांगू नका."

"ते कबूतर गच्चीवर येतं. एकटंच. इकडे बघतं, तिकडे बघतं."

"बरं, मग?"

"मग आवाज येतो. आधी दिसत काहीच नाही, नुसता आवाज."

"मग?"

फांगनं दोन्ही हात पसरले. शेजारच्या प्रवाशाला कोपर लागलं. "मग येतात ना, बाईसाहेब. नदीकडून. एवढी येतात, एवढी येतात…"

"सगळी आली?"

"सगळी."

आत्या खिडकीला टेकली. "परत सांगा," ती म्हणाली. "आवाजापासून."